तारापूरची सुरक्षा आणि शब्दप्रमाणाचा प्रश्न

अणुवीज केंद्र सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा मानला जातो. परंतु त्या केंद्राच्या कुंपणालगत ज्यांचे आयुष्य जाते त्यांच्या बाजूने पाहिले, तर तो आधी ज्ञानाचा आणि मग नीतीचा प्रश्न ठरतो. वैतरणेच्या खाडीपासून उत्तरेकडे केळवे, सातपाटी, नवापूर, दांडी, घिवली अशी जी किनारपट्टी तारापूरपर्यंत जाते, तिथल्या मांगेला मच्छीमाराला डहाणूच्या औष्णिक केंद्राचा धूर दिसतो, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा वास येतो आणि त्या पाण्याने मेलेली मासळी त्याच्या हाताला लागते. किरणोत्साराला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्या धोक्याबद्दल इंद्रिये काहीच सांगत नाहीत, तो आहे किंवा नाही हे माणसाने कशाच्या आधारे मानावे, आणि दुसऱ्याने सांगितले म्हणून मानायचे असेल तर त्या सांगणाऱ्यावर कोणते बंधन येते, हा या विवेचनाचा विषय आहे.

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी प्रत्यक्ष येथे उपयोगाचे नाही हे उघडच आहे. अनुमान करता येईल असे वाटते, आणि तारापूरच्या परिसरात ते दोन्ही बाजूंनी सर्रास केले जाते. परंतु त्यातील दोष तर्कशास्त्राच्या अगदी प्राथमिक विद्यार्थ्यालाही दाखवता येईल. ‘इतक्या वर्षांत मोठा अपघात झाला नाही, म्हणून केंद्र सुरक्षित आहे’ या विधानातील हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे ते जिथे नाही तिथेही हा हेतू आढळतो. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्राची पहिली अणुभट्टी १९७१ साली सुरू झाली, आणि ११ मार्च २०११ च्या दुपारपर्यंत तिच्याबद्दलही हेच म्हणता आले असते. उलट बाजूने ‘गावात कर्करोगाचे रुग्ण आहेत, म्हणून अणुभट्टी गळते आहे’ हे अनुमानही तितकेच लंगडे आहे, कारण कर्करोगाची कारणे अनेक असतात आणि शेजारीच रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. भीती खरी असली तरी तिच्यासाठी दिलेला हेतू आपोआप खरा ठरत नाही, हे गावाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

उरतो तो शब्द. गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण असे म्हटले आहे, आणि भाष्यकार वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे स्पष्ट केले आहे: ज्याने वस्तूचा धर्म साक्षात जाणला आहे आणि जसे जाणले तसेच दुसऱ्याला सांगावे अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही तो सांगतो, म्हणजे आप्तपण जन्माने, पदाने किंवा वेशाने येत नाही. या लक्षणाला दोन पाय आहेत, जाणणे आणि जाणले तसे सांगण्याची इच्छा. तारापूरविषयीच्या चर्चेत पहिल्या पायावर भरपूर बोलले जाते. दुसरा पाय बहुतेक वेळा गृहीत धरला जातो.

जाणणाऱ्यांची यंत्रणा मोठी आहे आणि तिचे काम गंभीरपणे चालते, हे प्रथम नोंदवले पाहिजे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातील, म्हणजे गाभ्यातील उष्णतेने तिथल्याच पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवणाऱ्या आहेत. प्रत्येकी २१० मेगावॉटची त्यांची मूळ क्षमता पुढे १६० मेगावॉटवर आणण्यात आली. तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, जड पाण्यावर चालणारी आणि भारतीय बनावटीची असून त्यांपैकी चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. या सर्वांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. चालू केंद्रांचा सुरक्षा आढावा घेणारी ‘सारकॉप’ ही मंडळाची समिती केंद्रांकडून येणाऱ्या घटनांच्या नोंदी तपासते, निरीक्षक प्रत्यक्ष पाहणी करतात आणि परवान्याचे नूतनीकरण ठरावीक मुदतीच्या आढाव्यानंतरच होते. तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांचा असा सर्वंकष आढावा घेतल्यावर २००५-०६ मध्ये त्या काही महिने बंद ठेवून दोहोंना सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या करण्यात आल्या, आणीबाणीच्या वेळी वीज देणारी डिझेल जनित्रे बदलण्यात आली आणि मुख्य नियंत्रण कक्ष निकामी झाल्यास वापरता येईल असा पर्यायी कक्ष उभारण्यात आला. हे बदल दिखाऊ नव्हते. ज्या प्रकारच्या बिघाडाने फुकुशिमा पुढे कोसळले, त्याच प्रकारच्या बिघाडाविरुद्धची ही तरतूद होती.

परिसरावर लक्ष ठेवण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेकडे आहे. तिथे किनाऱ्यावरची मासळी, आसपासच्या गावांतले दूध, भाजीपाला, पाणी आणि माती यांचे नमुने नियमाने आणले जातात. मासळी वाळवून तिची राख केली जाते, म्हणजे मूळ वजनातला बराच भाग निघून जाऊन किरणोत्सारी अंश थोड्या जागेत एकवटतो. ती राख शिशाच्या जाड भिंतींआड ठेवलेल्या मापकासमोर तासन्‌तास ठेवली जाते आणि बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून त्यात सीझियम-१३७ आहे का, असल्यास किती, हे ठरते. मोजमाप बेक्वेरेलमध्ये होते. एक बेक्वेरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. या मोजमापांवरून सर्वसामान्य माणसाला मिळणारी मात्रा काढली जाते आणि वर्षाला एक मिलिसिव्हर्ट या कमाल मर्यादेशी तिची तुलना होते. प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीनुसार भारतीय केंद्रांभोवतीची मात्रा या मर्यादेचा अगदी लहान अंश असते. त्या आकडेवारीवर अविश्वास ठेवावा असे येथे सुचवायचे नाही. प्रश्न एवढाच आहे, की घिवलीच्या ज्या माणसाची मासळी त्या मापकासमोर ठेवली गेली, त्याच्यासाठी हा आकडा ज्ञान केव्हा होतो आणि केव्हा नुसते आश्वासन राहतो.

मानवी वाक्यात शिरू शकणारे चार दोष भारतीय परंपरेने मोजले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव, म्हणजे चुकीची समजूत, बेसावधपणा, फसवण्याची इच्छा आणि साधनांची मर्यादा. अणुउद्योगाच्या इतिहासात हे चारही दोष दाखवता येतात. फुकुशिमाच्या आराखड्यात त्सुनामीच्या लाटेची उंची सुमारे ५.७ मीटर धरली होती आणि प्रत्यक्षात पाणी १४ मीटरच्या आसपास चढले, हा भ्रम. विप्रलिप्सेचे उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. त्याच केंद्राच्या चालक कंपनीने, टेप्कोने, ऑगस्ट २००२ मध्ये कबूल केले की अणुभट्ट्यांच्या तपासणीच्या नोंदींत अनेक वर्षे खोटेपणा करण्यात आला होता आणि गाभ्याभोवतीच्या पोलादी आच्छादनातील तडे लपवण्यात आले होते. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत असे आच्छादन असतेच, आणि तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांतही त्याची तपासणी हा देखरेखीचा भाग राहिला आहे. टेप्कोचे अभियंते अज्ञानी नव्हते. आप्तलक्षणाचा पहिला पाय त्यांच्याकडे भक्कम होता, मोडला होता तो दुसरा.

ज्ञानाचे खरेपण ते ज्ञान होतानाच कळते की नंतर दुसऱ्या कशाने ठरवावे लागते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद झाला. कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि पुढे बाधक ज्ञान झाले किंवा कारणातला दोष कळला तरच ते सोडून द्यावे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, तपासून ठरते. सरकारी यंत्रणा सहसा नकळत पहिली भूमिका घेते: मंडळाने सुरक्षित म्हटले आहे, दोष दिसत नाही, तेव्हा मान्य करा. ही भूमिका मुळात वाईट नाही. बहुतेक व्यवहार असाच चालतो. पण तिची एक अट आहे, आणि ती कुमारिलानेही सोडलेली नाही: दोष असेल तर तो कळण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे. मार्गच बंद केला आणि मग ‘दोष दिसत नाही’ असे म्हटले, तर स्वतःप्रामाण्याचा आधार नाहीसा होतो.

भारतात हा मार्ग फारसा मोकळा नव्हता. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने माहिती रोखून धरण्याचा व्यापक अधिकार केंद्र सरकारला दिला होता. मंडळाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ साली, देशातील अणुकेंद्रांतील सुरक्षाविषयक सुमारे १३० मुद्द्यांचा दस्तऐवज मंडळाने तयार केला. तो उघड करावा यासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा गोपनीयतेचा दावा मान्य केला. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा ज्या अणुऊर्जा विभागावर देखरेख करायची त्याच्यापासून ते पुरेसे स्वतंत्र नाही, १९८३ पासून अपेक्षित असलेले किरणोत्सार सुरक्षा धोरणही तयार झालेले नाही आणि केंद्राबाहेरच्या आणीबाणीच्या सरावांत उणिवा आढळल्या आहेत, असे त्यांनी नोंदवले. मंडळाच्या जागी स्वतंत्र प्राधिकरण आणणारे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने नियामकाची ताठ उभे राहण्याची सोय झाली. त्याने कोणासमोर उभे राहून उत्तर द्यायचे, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो उरतोच.

कॅनडात अणुकेंद्राच्या परवान्याची सुनावणी जाहीरपणे होते आणि नागरिकांना तिथे म्हणणे मांडता येते; अमेरिकेत नियामक आयोग प्रत्येक केंद्राच्या वर्षभराच्या सुरक्षाकामगिरीबद्दल त्या परिसरातल्या लोकांसमोर बैठक घेत आला आहे. भारतात जनसुनावणी होते ती पर्यावरण मंजुरीच्या वेळी, म्हणजे केंद्र उभे राहण्यापूर्वी. पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, स्थानिकांच्या हरकती ऐकून घेतल्या आणि डहाणूच्या औष्णिक केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांवर भरपाई बसवली. एकाच जिल्ह्यातला, एकाच समाजाचा माणूस धुराबद्दल आणि रसायनांबद्दल समोरासमोर प्रश्न विचारू शकतो आणि ज्या धोक्याबद्दल त्याची इंद्रिये सर्वांत असहाय आहेत, नेमक्या त्याबद्दल विचारू शकत नाही, ही विसंगती गंभीर आहे.

अणुकेंद्राबद्दल असे जाहीरपणे विचारू देण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अणुकेंद्राची माहिती शत्रूच्या हाती पडेल. पहारा, कुंपण आणि अणुइंधनाची हाताळणी यांबाबत तो पूर्णपणे मान्य आहे. परंतु नळीला तडा गेला का, जनित्र सरावात वेळेवर सुरू झाले का, मागच्या आढाव्यातली कोणती शिफारस अजून अमलात आलेली नाही, या प्रश्नांचा शत्रूशी संबंध जोडणे ओढूनताणून होते. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: सभा म्हटली की आरडाओरडा होतो, त्यातून ज्ञान निघत नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करायचे ती वितंडा. जनसुनावण्या बऱ्याचदा जल्पात किंवा वितंडेत जातात हे खरे. मात्र ज्याला वर्षानुवर्षे विचारूच दिलेले नाही, तो पहिल्यांदा संधी मिळाल्यावर ओरडणारच. वादाची सवय वाद करूनच लागते.

येथे श्रद्धेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण ‘शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवा’ असे सांगताना श्रद्धेचीच मागणी केली जात असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा कोळी त्याआधी होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवतो आणि जाळे तपासतो. त्याची समुद्रावरची श्रद्धा होडीच्या तपासणीची जागा घेत नाही, आणि होडी तपासल्याने समुद्राचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. नियामकाला प्रश्न विचारणे हा शास्त्राचा अपमान समजण्याचेही कारण नाही.

ज्ञानाच्या प्रश्नामागे न्यायाचा प्रश्न आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवण्यात आली आणि त्यांच्या पुनर्वसनाची भांडणे पुढे न्यायालयात गेली. वीज दूरवरच्या शहरांना मिळते, धोका किनाऱ्यावर राहतो. तो धोका फार लहान असेल, बहुधा आहेही. परंतु दुसऱ्याच्या वाट्याला धोका देताना तो लहान आहे हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याने एकट्याने वापरला, तर ज्याला तो सोसायचा त्याचे केवळ साधन केले जाते. पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे वापरलेले इंधन तारापूरलाच साठून आहे, आणि त्यातील प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. त्या काळातल्या माणसांना आज कोणालाही प्रश्न विचारता येत नाही, म्हणून आज जिवंत असलेल्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याही वतीचा असतो.

वात्स्यायनाच्या लक्षणातील सांगण्याची इच्छा ऐकणाऱ्याला समजेल अशा रीतीने सांगण्यापर्यंत पोचली नाही, तर ती अपुरी आहे. मंडळाचे वार्षिक अहवाल इंग्रजी आणि हिंदीत प्रसिद्ध होतात. तारापूरच्या सुरक्षेचा वार्षिक आढावा मराठीत छापून पंधरवडाभर आधी गावागावांत द्यावा, मंडळाच्या अधिकाऱ्यांनी जवळच्या बोईसरला येऊन तो मांडावा, मासळीच्या राखेचे आकडे ज्या गावची मासळी त्या गावाच्या नावासह वाचावेत, विचारलेला प्रत्येक प्रश्न नोंदवावा आणि पुढच्या वर्षीच्या आढाव्याचे पहिले पान त्या प्रश्नांच्या उत्तरांचे असावे. आणीबाणीच्या वेळी केंद्राबाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते आणि दर दोन वर्षांनी त्याचा सराव होतो. त्या सरावात कोणता रस्ता तुंबला, कोणत्या पाड्यापर्यंत सूचना पोचली नाही, हे तर तिथल्या माणसाला प्रत्यक्षानेच ठाऊक असते. त्या सभेत त्याबाबतीत तोच आप्त असेल, आणि ऐकून घेण्याची पाळी मंडळाची.