दोष कोणाचा?



गेली दोन वर्षे मी मिस्साला शेवटच्या बाकाच्या कडेला बसते. सारे गुडघे टेकतात तेव्हा मी बसूनच असते. दोन्ही गुडघे झिजले आहेत. उजव्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, पण 'आधी वजन उतरवा' असे डॉक्टरांनी बजावले आहे.

मध्यंतरी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात मी ताट हाती घेतले आणि मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "खाऊन खाऊनच गुडघे गेले." मला राग आला नाही, कारण तोच आवाज माझ्या मनातही होता. घरी जपमाळ म्हणताना प्रश्न पडला, हे जड झालेले शरीर म्हणजे माझे पाप आहे का?

खरे सांगते, सुरुवात कुठे झाली ते मलाच कळत नाही. गुडघा दुखतो म्हणून चालणे सुटते, चालणे सुटते म्हणून वजन वाढते आणि वजन वाढते म्हणून गुडघा अधिक दुखतो. यात वय आहे, आईकडून आलेली अंगाची ठेवण आहे, डोक्यावरून भाजीच्या टोपल्या वाहिल्याची वर्षे आहेत. आणि हो, माझ्या जिभेचे लाडही आहेत. यातला कोणाचा वाटा किती, ते देवच जाणे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोघांवरही बोट ठेवत नाही. तो मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. बरे करणारा प्रभूच, पण तळ्यापर्यंतची वाट त्या आंधळ्यालाच चालावी लागली.

माझीही तशीच वाट सुरू आहे. एक किलो वजन उतरले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे समजले. मग भात निम्मा केला, चहातली साखर सोडली. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि ती दाबण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ करते. पूर्वी मी प्रायश्चित्तकाळात गोड सोडायची आणि पास्काला त्याची भरपाई करायची! आता कळते, ती शरीराला दिलेली शिक्षा होती. आज करते ती देवाने दिलेल्या शरीराची राखण आहे. दोष मान्य करणे वेगळे आणि दोषातच बसून राहणे वेगळे.

याहून कठीण गोष्ट म्हणजे मदत घेणे. आयुष्यभर दुसऱ्यांचे केले, आता न्हाणीघरात जातानाही सुनेचा हात धरावा लागतो. पेत्रानेही आधी येशूकडून पाय धुऊन घ्यायला नकारच दिला होता. गुडघ्याच्या दुखण्यामुळे पोप फ्रान्सिस मे 2022 मध्ये चाकांच्या खुर्चीत बसून लोकांसमोर आले. आपली असमर्थता त्यांनी लपवली नाही. मग मी का लाजावे?

प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यावर ख्रिस्तसभा सक्ती करीत नाही. फादर गुडघा टेकतात तेव्हा मी बसल्या जागी जमेल तितकी वाकते. देवाला माझा नमस्कार पोहोचतो, याबद्दल मला शंका नाही.

एकच विनंती. आपल्या शेजारच्या बाकावर कोणी जड शरीराने, काठी टेकत येऊन बसले, तर त्यांच्या ताटाचा हिशेब करू नका आणि 'आणखी एक घ्याच' असा आग्रहही नको. पायरी उतरताना हात तेवढा पुढे करा.

आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.

— एक धर्मग्रामस्थ