पंगतीतली कुरकुर



पास्काकाळाच्या या पाचव्या रविवारचे पहिले वाचन आद्य ख्रिस्तसभेतील एका भांडणाविषयी आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना फटकारले नाही. सभा बोलावली आणि वाटपाचे काम सात जणांकडे सोपवले. त्यांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, निकानोर... सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातलीच ही माणसे.

हे वाचताना मला पूर्व तिमोर आठवतो. इंडोनेशियाच्या ताब्यात चोवीस वर्षे काढलेल्या या चिमुकल्या देशाने १९९९ साली स्वातंत्र्याचा कौल दिला, तेव्हा सूड म्हणून तेथील गावेच्या गावे जाळण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी काही काळ कारभार पाहून २० मे २००२ रोजी सत्ता तिमोरी लोकांच्या हाती दिली. संविधान, संसद, पोलीस, सैन्य, सारे उभे राहिले.

२००६ साली पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतील सैनिकांनी तक्रार केली की बढतीत आम्हाला डावलले जाते. त्यांनी बराकी सोडल्या. सरकारने जवळजवळ सहाशे जणांना, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक सैन्याला, बडतर्फ केले. पुढे सैनिक आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. दहा लाखांच्या देशात दीड लाख लोक बेघर झाले. आणि बहुतेक सारे कॅथलिक! एकच जपमाळ, एकच मिस्सा, तरी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटवले. अनेकांना आसरा मिळाला तो चर्च व मठांच्या आवारात.

बराक सोडणारा सैनिक शिस्त मोडतो, हे खरेच. पण नुकत्याच जन्मलेल्या राज्यात लोक नियमाचे पुस्तक उघडत नाहीत. आपल्या पानात काय वाढले, एवढेच पाहतात.

पुढच्या सरकारने बोलणी केली. तेलाच्या उत्पन्नातून बडतर्फ सैनिकांना प्रत्येकी आठ हजार डॉलर आणि बेघर कुटुंबांना घरासाठी पैसे दिले. छावण्या रिकाम्या झाल्या. २०१२ अखेर संयुक्त राष्ट्रांचे शांतिपथकही परतले. ही विकत घेतलेली शांतता, असे काही जण म्हणाले. त्यात तथ्य आहे, कारण तेलाची जुनी क्षेत्रे आता आटली आहेत. येरुशलेममध्ये विधवांच्या पानात दोन घास जास्त घालून विषय मिटवला नव्हता. वाढण्याचे कामच त्यांच्या माणसांच्या हाती दिले होते.

आजच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत तिमोरच्या राज्यकर्त्यांसाठी एक याचना घातली आहे. तिला मनापासून प्रतिसाद द्या.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू