लेहला कुठून जायचं?

बाइकवर लेहला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला वाद हाच: मनालीमार्गे की श्रीनगरमार्गे? दोन्ही रस्ते साधारण सव्वाचारशे किलोमीटरचे. मग कुणीतरी पोल टाकतं आणि मनाली जिंकतं. तांगलांग ला सुमारे 5,300 मीटरवर आहे, फोटो तिथलाच हवा असतो.

पण हे मत नेमकं कशावर? श्रीनगरचा रस्ता हळूहळू चढतो. त्यावरची सर्वांत उंच खिंड, फोटू ला, 4,100 मीटरच्या आसपास. मनालीचा रस्ता फार लवकर वर नेतो. सरचूला मुक्काम केला तर झोपही 4,200 मीटरच्या वर. विरळ हवा कुणाला बाधेल ते आधी कळत नाही, फिटनेसवरूनही नाही. (जिमवाल्यांना हे पटत नाही.)

हॉटेल कुठलं, हे खुशाल बहुमताने ठरवा. दुसऱ्याच्या फुप्फुसांवर बहुमत कसं चालेल? 'मला भीती वाटते' म्हणणारा एकटाच असतो, आणि बहुतेकदा तो म्हणतच नाही. 'चालेल' टाइप करून मोकळा होतो. त्या 'चालेल'ला मी संमती मानत नाही. एकालाही शंका असेल तर जाताना श्रीनगर, येताना मनाली. तोवर शरीर बरंचसं सरावलेलं असतं, आणि तांगलांग लाही चुकत नाही.