आरपार दगड

शास्त्रपाठ : लूक १३:१–५, नहेम्या, अध्याय ३ व ५



२१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहा वाजल्यानंतर शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत भूकंप झाला व त्याचा धक्का आपल्या नांदेड जिल्ह्यांतही जाणवला. त्या वेळीं जिल्हा प्रशासनानें लोकांस एक साधी विनंति केली. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत, आणि ते वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून त्यांवर दगड ठेविले आहेत, त्यांनीं ते दगड खालीं काढून घ्यावे. हिमायतनगर, ज्यास जुनीं माणसें वाढोणा म्हणून ओळखतात, त्याच्या आसपासच्या वस्त्यांत अशीं घरें थोडीं का आहेत? म्हणून आज माझा पहिला प्रश्न हाच आहे : ते दगड खालीं उतरले काय? कीं दुसऱ्या दिवशीं धरणी शांत झाली म्हणून जेथल्या तेथें राहिले?

प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु संकटानंतर एखादें राष्ट्र कसें घडतें, हें अशा लहान प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरतें.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यांतील कोणा प्रौढ माणसास विसरतां येईल? आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून पुष्कळ लोक उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर, या भागांत धरणी हालली. सरकारी गणतीप्रमाणें सात हजार नऊशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. मी त्या वेळीं शाळकरी मुलगा होतों. ‘पापाचा घडा भरला, दुसरें काय?’ असें थोर माणसांच्या तोंडून मीं ऐकिलें, आणि पुष्कळ दिवस तें मला खरेंही वाटलें.

यरुशलेमेंत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तेथल्या लोकांच्या मनांतही हाच तर्क आला होता. प्रभु येशूनें तो साफ खोडून काढिला. मेलेले लोक इतरांहून अधिक अपराधी होते, हें त्यानें मान्य केलें नाहीं. मग ऐकणारांकडे वळून त्यानें त्यांसच आपला मार्ग बदलावयास सांगितलें. मेलेल्यांचा न्याय करण्याचा अधिकार त्यानें आपल्या हातून काढून घेतला, आणि जिवंतांच्या वर्तनाचा हिशेब आपल्यापाशीं मागितला.

त्या हिशेबास किल्लारीच्या भिंतींपासूनच आरंभ करूं. भूमि हालली, हें कोणाच्या हातचें नव्हतें. परंतु भिंती माणसांनीं रचिल्या होत्या. जाड दगडी भिंत, तिचा एक थर बाहेरून व एक आंतून, आणि मध्यें दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही थरांस बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. वरतीं लांकडावर मातीचें जड माळवद. धक्का बसतांच दोन थर एकमेकांपासून फुटले, आणि माळवद निजलेल्या माणसांवर आलें. बाहेरून पाहणारास ती एक भिंत दिसे. वास्तविक त्या दोन होत्या.

बंधुजनहो, आपलें गांव कसें आहे? वेस एक, ग्रामपंचायत एक, नांवही एक. पण गांवकुसाआंतले निराळे आणि गांवकुसाबाहेरचे निराळे, मध्यें नुसती माती. सुखाच्या दिवसांत ही भिंत उभी राहते. आरपार दगड होता कीं नव्हता, हें धक्का बसतो तेव्हांच कळतें.

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुष्कळ लोक नांवांची कंटाळवाणी यादी म्हणून सोडून देतात. मला तो राष्ट्रबांधणीचा पहिला धडा वाटतो. पडलेल्या कोटाशीं याजक उभे राहिले, सोनार उभे राहिले, अत्तर करणारे उभे राहिले. शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनींही काम केलें. कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला, आणि प्रत्येकाचा भाग शेजाऱ्याच्या भागास जोडला गेला. मात्र तकोवाच्या सरदारांनीं कामास मान लाविली नाहीं, हेंही शास्त्रानें लिहून ठेविलें आहे. कोणीं काय निवडिलें, याची नोंद राहते.

आपल्याकडेही अशी नोंद आहे. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें मुलांस शिक्षणासाठीं पुण्यास नेलें. ज्या गांवांतील घरें तडकलीं होतीं पण पडलीं नव्हतीं, तेथें भिंतीस भोंक पाडून, त्यांत सळई व काँक्रीट भरून दोन थर एकत्र बांधण्याची रीत शिकविण्यांत आली. हें ज्ञान घरोघर पोहोंचविण्यासाठीं प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्यानें गांवोगांवच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. ज्यांनीं पूर्वीं सभेंत तोंड उघडलें नव्हतें, त्या वाळू, सिमेंट व गवंड्याच्या कामाविषयीं प्रश्न विचारूं लागल्या. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां त्यांच्यापैकीं कांहीं बायका तेथील बहिणींस धीर द्यावयास व शिकवावयास गेल्या. त्या स्वतःच आरपार दगड झाल्या! आणि अशीं अनेक संकटें सोसल्यावर २००५ सालीं आपल्या संसदेनें आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा केला. घरांतून गांवांत, गांवांतून दुसऱ्या राज्यांत, आणि तेथून देशाच्या कायद्यांत, अशी ही वाट गेली आहे.

पण येथेंच थांबलों तर मी अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. नहेम्याचा पांचवा अध्याय उघडा. कोट वर चढत असतांच गरिबांचा आकांत उठला : आमचीं शेतें गहाण पडलीं, आमचीं मुलें दास्यांत गेलीं, आणि घेणारे आमचेच भाऊ आहेत. नहेम्या संतापला. त्यानें सभा भरवून शेतें परत करविलीं, आणि अधिकारी या नात्यानें मिळणारा आपला भत्ताही त्यानें घेतला नाहीं. भावास लुबाडून बांधलेला कोट त्याला नको होता.

आमच्याकडे बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथें घरांचीं तीन मापें ठरलीं. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणारास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत असणारास ४००, आणि त्याहून अधिक असणारास ७५०. कांहीं तरी माप ठरविणें भाग होतें, हें मी जाणतों. तरी विचार करा : धरणीनें एका पहाटेस सर्वांस एकाच आभाळाखालीं आणिलें होतें, आणि आम्हीं पुन्हां छप्पर वाटूं लागलों तेव्हां आधीं शेत मोजलें. ज्याच्यापाशीं कांहींच नव्हतें, त्याच्या घरांत माणसें काय कमी होतीं?

दुसऱ्यांस दोष देऊन आपण सुटणार नाहीं. उद्यां आपल्या गांवावर पूर आला, पीक गेलें, आणि मदतीची यादी होऊं लागली, तर आपण काय निवडूं? स्वतःचें नांव आधीं लागावें म्हणून धांवूं, कीं ज्या विधवेस अर्ज लिहितां येत नाहीं तिच्या दाराशीं आधीं जाऊं? प्रभुभोजनाच्या मेजापाशीं एक असलेली आपली मंडळी सोयरीक जुळवितांना व पंगतीस बसतांना एक राहते काय?

नहेम्याच्या लोकांनीं कोट बावन्न दिवसांत पुरा केला. आमचीं बावन्न गांवें उभीं राहावयास वर्षें लागलीं. कोण कोणाच्या शेजारीं उभें राहून बांधीत होतें, हें त्या दिवसांहून व वर्षांहून मोठें आहे. म्हणून आज घरीं गेल्यावर प्रथम आपल्या पत्र्यावर दृष्टि टाका व दगड खालीं काढा; पत्रा खिळ्यांनीं व तारेनें नीट आवळून घ्या. मग ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्यास वर चढवत नाहीं, त्याचेही दगड उतरवा, मग तो कोणत्याही आळीचा असो. राष्ट्र दूर मुंबईंत किंवा दिल्लींत बांधलें जातें असें समजूं नका. त्याचा एक दगड तुमच्या हातीं आहे.

हे प्रभो, जे गेले त्यांचा न्याय करण्यापासून आमची जीभ आवर, आणि जे उरले त्यांस एकत्र बांधावयास आमचे हात मोकळे कर. आमेन.