गुणाकारात लपलेली बेरीज

नववी-दहावीच्या बीजगणितात अवयव पाडताना गुणाकाराबरोबर बेरीजही हातात असते. गुणाकार ७३१, बेरीज ६०, संख्या कोणत्या? बेरजेची निम्मी ३०, तिचा वर्ग ९००. त्यातून ७३१ वजा केले की १६९ उरतात, म्हणजे १३ चा वर्ग. ३० मधून १३ वजा करा, ३० मध्ये १३ मिळवा. १७ आणि ४३. आता ६० पुसून टाका. नुसते ७३१ समोर ठेवले, तर पाढे पाठ असलेला माणूसही अडखळतो. अवयव शोधण्यातली सगळी अडचण त्या पुसलेल्या बेरजेत आहे, असे मला वाटते.

नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) ‘भागादान’ नावाचे प्रकरण आहे. बेरीज माहीत नाही ना, मग ती ओळीने अजमावून पाहू, हा त्यातल्या एका रीतीचा गाभा. ७३१ चे वर्गमूळ २७ च्या किंचित वर. म्हणून २८ पासून सुरुवात. २८ चा वर्ग ७८४, वजा ७३१, उरले ५३. हा वर्ग नाही. पुढे पुन्हा वर्ग करत बसायचे कारणच नाही: २८ आणि २९ मिळून ५७, ते ५३ मध्ये घाला, ११०. तोही वर्ग नाही. त्यात ५९ घाला, १६९. सापडले! विषम संख्या एकामागून एक मिळवत जाणे, बस्स एवढेच. तीन शतकांनी फ्रान्समध्ये फर्माला हीच वाट सापडली आणि जगभर ती त्याच्या नावाने ओळखली जाते. नारायण पंडितांचे नाव तिथे क्वचितच निघते, याची खंत वाटते.

१८७४ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ८६१६४६०७९९ ही संख्या दिली. कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार, हे आपल्याखेरीज कुणाला कधी कळेल असे त्याला वाटत नव्हते. नारायण पंडितांच्या रीतीने ९२८२५ पासून निघा. छप्पन्नाव्या पावलाला ९२८८० येते, आणि बाकी उरते ती नेमका ३१९९ चा वर्ग. म्हणजे ८९६८१ आणि ९६०७९. वही-पेन्सिलीने फार तर काही तासांचे काम! जेव्हन्सने निवडलेल्या संख्या एकमेकींच्या फार जवळ होत्या, म्हणून बेरीज लवकर हाती लागली. त्या दूर असत्या तर हीच रीत थकून गेली असती.

आज इंटरनेटवरच्या कित्येक व्यवहारांचे कुलूप याच अडचणीवर उभे आहे. १९७७ सालच्या ‘आरएसए’ पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो. त्यांची बेरीज कळली तर कुलूप उघडलेच. त्याच वर्षी आव्हान म्हणून छापलेली १२९ अंकी संख्या १९९४ साली फुटली, तीही शेकडो स्वयंसेवकांचे संगणक कामाला लावून. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवणारी रीत दिली. पण ‘मूळ नाही’ असे सांगताना ती अवयव हाती देईलच असे नाही. अवयव आहेत याची पक्की खात्री, आणि ते कोणते याचा पत्ता नाही! गणितातली ही अवस्था मला फार विलक्षण वाटते. गुणाकारातून बेरीज झटपट काढण्याची रीत साध्या संगणकासाठी असूच शकत नाही, हे मात्र आजवर कुणी सिद्ध केलेले नाही.