आधी डमी दाखव

बस. लॅपटॉप मिट, यादी बघितली मी. लंडन, न्यूयॉर्क, एकेका एजंटचं नाव, पाठवल्याची तारीख, उत्तर आलं नाही तिथे पिवळा रंग, नकार आला तिथे लाल. फार देखणी यादी आहे. आता पुस्तक दाखव.

हे पुस्तक नाही. ही वर्ड फाइल आहे आणि ही सुटी चित्रं आहेत. डमी कुठाय? ‘एजंट मिळाला की करीन’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. ‘मी लेखक आणि चित्रकार दोन्ही आहे’ असं पत्रात ठणकावून लिहिलंयस ना? मग असं लिहिणाऱ्याकडून तिथला एजंट आधी डमीच मागतो. ३२ पानं, सगळी पेन्सिलीत, मजकूर जागच्या जागी आणि त्यातली दोन-तीन जोडपानं पूर्ण रंगवलेली. ३२ च का, हे आता तरी विचारू नकोस. छपाईचे दोन १६ पानी फॉर्म. शीर्षकाचं पान, श्रेयाचं पान वगळलं की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. तुझा मजकूर सोळाशे शब्दांचा आहे. आज तिकडे चित्रपुस्तक पाचशे शब्दांच्या आत असावं अशी अपेक्षा असते, आणि चित्रं स्वतःच काढणाऱ्याने तर त्याहूनही कमीत भागवावं. ‘शेकरूची लांब, झुपकेदार, तांबूस शेपटी वाऱ्यावर डुलत होती.’ अगं, ती शेपटी तू काढणार आहेस ना? मग लिहितेस कशाला?

शेपटीचा विषय निघालाच आहे तर ही चित्रं ओळीने मांड. पहिल्यात शेपटी अंगापेक्षा मोठी. इथे खारीएवढी. इथे कान गोल, इथे टोकदार, आणि या चित्रातलं शेकरू तर मला मांजर वाटलं. एकेकटं चित्र छान काढणारे पुष्कळ आहेत. तोच प्राणी धावताना, पाठमोरा, रडवेला, झोपलेला, पानामागून पान तोच वाटायला हवा. एजंट नेमकं तेच तपासतो. शिवाय प्रत्येक चित्र मधोमध, भिंतीवर टांगायला काढल्यासारखं. मजकूर कुठे बसवायचा? आणि हा उडीचा क्षण, सगळी गोष्ट ज्यावर उभी आहे तो, नेमका बांधणीच्या खाचेत घातलायस. शेकरूचं तोंड शिवणीत जाणार. डमी केली असतीस तर हे पहिल्या तासाला दिसलं असतं.

सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ तुझ्या कपाटात आहे, त्याचे फोटो काढून लोकांना दाखवतेस. कधी पट्टी घेऊन त्यातली चित्रं मोजलीस? सुरुवातीला चित्र छोटं, भोवती कोरा कागद. गोष्टीतला मॅक्स घरापासून लांब जाईल तसं चित्र वाढत जातं, पान भरतं, शेजारच्या पानावर सरकतं. आणि धिंगाण्याला सुरुवात झाली की तीन जोडपानांवर एक शब्द नाही. मग परत येताना चित्र आक्रसतं, आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त शब्द. हे सगळं साडेतीनशे शब्दांच्या आत. १९६३ चं पुस्तक आहे. मूळ कल्पना रानघोड्यांची होती; सेंडॅकला घोडे नीट जमेनात, तेव्हा घोडे गेले आणि ते अक्राळविक्राळ प्राणी आले. आपल्याला काय काढता येत नाही हे त्याला कळलं, कारण तो ते काढत बसला होता. तू एजंटांचे पत्ते काढत बसलीस.

आता पत्र. ‘डिअर सर/मॅडम’ आणि सगळ्यांना एकच. यातल्या या बाई गुन्हेगारी कादंबऱ्यांशिवाय काही घेत नाहीत, त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलंय. हे गृहस्थ चित्रपुस्तकाचा नुसता मजकूर घेत नाहीत, पण लेखक-चित्रकारांसाठी दार उघडं आहे असं स्पष्ट सांगतात, आणि त्यांना तू चित्रं न जोडता पाठवलंस! दुसऱ्या काहींना नव्वद एमबीची फाइल जोडलीस. अनोळखी माणसाची न मागितलेली जोडफाइल तिथे बहुतेक कुणी उघडत नाही. त्यांचा ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरायचा, डमीची लिंक द्यायची. ‘भारतीय गोष्ट त्यांना कळत नाही’ म्हणून रडत होतीस परवा. कळत नसेलही, तसं घडतं. पण तुझी गोष्ट अजून कुणी उघडलेलीच नाही, तेव्हा ती तक्रार तूर्त ठेवून दे.

‘माझ्या भाच्यांना खूप आवडली’ खोड. भाच्यांना मावशी आवडते. ‘यावर सिनेमा होऊ शकेल, खेळणी निघतील’ हेही खोड. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. एका पानात संपव: गोष्ट दोन-तीन वाक्यांत, वयोगट, शब्दसंख्या, गेल्या चार-पाच वर्षांतली तिच्या जवळची दोन पुस्तकं, आणि याच एजंटकडे का. त्यासाठी त्याने विकलेली पुस्तकं वाचावी लागतील. वाच. एकाच वेळी अनेकांना पाठवायला हरकत नसते, पण सगळी यादी एका रात्रीत जाळून टाकायची नाही. पाच-सहा जणांना पाठव, काय येतं बघ, दुरुस्त कर, मग पुढचे.

आणि ते ‘वाचनशुल्क’ कुणाला भरलंस? लाजू नकोस, सांग. पैसे घेऊन हस्तलिखित वाचतो तो एजंट नव्हे. खरा एजंट पुस्तक विकल्यावर कमावतो: स्वतःच्या देशात साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतच वाचनासाठी पैसे घ्यायला मनाई आहे. उद्या कुणी करार पुढे केला तर आधी तो मोडायचा कसा ते कलम वाच, मग सही.

तिकडच्या मोठ्या प्रकाशकांपैकी बहुतेक जण एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित बघत नाहीत, तेव्हा एजंट हवा हे तुझं म्हणणं चुकीचं नाही. लेखक आणि चित्रकार एकच असला की रॉयल्टीचे दोन वाटे होत नाहीत, एजंटलाही तसा माणूस हवाच असतो. पण ‘मराठीत काय ठेवलंय’ म्हणून नाक मुरडलंस ते मला आवडलं नाही. पैसा कमी आहे, कबूल. तरी इथे ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, एकलव्य या प्रकाशकांकडे मधल्या माणसाशिवाय जाता येतं. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात. त्यांची पुस्तकं समोर ठेवून एकदा बघ, घरातली भांडी, दोरीवरचे कपडे, मुलांच्या बसायच्या तऱ्हा किती नेमक्या आहेत. तुझ्या शेकरूच्या जंगलात मला भीमाशंकरचं एक झाड ओळखता आलं नाही. पाइन कुठून आले तिथे?

आठ कोरे कागद घे. मध्ये दुमड, एकात एक घाल, घडीवर पिना मार. ३२ पानं झाली. शनिवारी ती भरून आण, पेन्सिलीत. रंगाला हात लावायचा नाही. आणि शेवटच्या पानावर आजी येऊन ‘भीतीवर मात करायची असते बाळांनो’ म्हणते ना, तिला आधी काढून टाक.