निजेला धोंडा

माणसाची ओळख त्याच्या राहणीवरून पटते, असे आपण मानतो. स्वच्छ कपडे, नीट विंचरलेले केस, बोलण्यातील अदब, चालण्यातील डौल या साऱ्यांना मिळून आपण व्यक्तिमत्त्व म्हणतो, आणि ते ज्याचे त्याने घडवायचे असते असेही समजतो. जो गबाळा तो आळशी, ज्याच्या कपाळावर सदा आठ्या तो तुसडा, असा आपला सरळ हिशेब असतो. या हिशेबात एक रक्कम आपण धरतच नाही, ती म्हणजे झोप. ही चूक आम्ही स्वतः केली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही धायरीत राहतो. पुण्याहून सिंहगडाकडे जाताना वाटेवर लागणारे हे एके काळचे शेतीचे गाव. २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आलेल्या अकरा गावांत धायरीचेही नाव होते. धारेश्वराचे मंदिर जुन्या गावाची खूण सांगत उभे आहे. पण मळ्यांच्या जागी इमारती आल्या आणि नऱ्ह्याच्या बाजूला लहानलहान कारखान्यांची दाटी झाली. रात्री उशिरा कामावरून परतणारे आणि पहाटे कामावर निघणारे यांची गाठ आता धायरी फाट्यावर पडते. गाव होते तेव्हा ते दिवेलागणीनंतर निजत असे. आज त्याचा कोणता ना कोणता भाग जागाच असतो.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रात्री एक रखवालदार बसतो. मराठवाड्यातून आलेला, वय पस्तिशीच्या आसपास. अंगावरचा गणवेश चुरगळलेला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. काही विचारले तर उत्तर तुटक. एकदा पहाटे तो खुर्चीतच झोपलेला आढळला. पुढच्या सभेत आम्हीच उभे राहून म्हणालो की, फाटकावरचा माणूस हा सोसायटीचा चेहरा असतो. आपला चेहरा असा असावा काय? सभेने माना डोलावल्या. ठेकेदाराला पत्र गेले. त्या महिन्यात त्या रखवालदाराचे पैसे कापले गेले, हे आम्हांला मागाहून कळले, तेही त्याच्याच तोंडून.

तो तक्रार करत नव्हता. आम्ही विचारले म्हणून त्याने सांगितले. रात्री आठ ते सकाळी आठ फाटकावर. तेथून थेट एका कारखान्यात दुपारपर्यंत मालाची चढउतार. मग पत्र्याच्या खोलीत झोप. भिंतीपलीकडे यंत्राची धडधड, डोक्यावर तापलेला पत्रा, खोलीत शाळेतून आलेली दोन मुले. "तीन तास लागली तर लागली, काका," तो म्हणाला. सुट्टीचे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "गावी गेलो तरच. त्या दिवसाचे पैसे नाहीत." मग त्याने मोबाइलवरचे एक छायाचित्र आमच्यापुढे धरले. पांढराशुभ्र सदरा, गुळगुळीत दाढी, बाजूला मुले, आणि चेहऱ्यावर असे मोकळे हसू की आम्ही त्याला ओळखलेच नाही. "दिवाळीतला आहे. गावाकडं चार दिवस झोपलो की मी असा दिसतो."

त्याच्या या वाक्याला शास्त्राचीही पुष्टी आहे. २०१० साली स्वीडनमधील संशोधकांनी २३ माणसांची छायाचित्रे दोनदा घेतली. एकदा पुरेशा झोपेनंतर, एकदा दीर्घ जागरणानंतर. ती ६५ अनोळखी व्यक्तींना दाखवली. एकाच माणसाचा जागरणानंतरचा चेहरा बघणाऱ्यांना अधिक थकलेला, कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटला. या निष्कर्षावरून कोणी सौंदर्यासाठी लवकर निजावे असा सल्ला देईल. आम्हांला त्यातून वेगळाच बोध झाला. आपण ज्याला समोरच्याचा स्वभाव समजतो, ती पुष्कळदा त्याची अपुरी झोप असते. राहणीला निवड लागते, आणि निवड करायला मनाला थोडी उसंत लागते. कोणता सदरा घालावा, कोणता शब्द गिळावा, कोणाकडे पाहून हसावे, हे सारे विसावलेल्या मनालाच सुचते. आपण फाटकाशी गाडी थांबवून त्याला हसून विचारपूस करतो, हे आपले सौजन्य खरे. पण त्यात आपल्या आठ तासांच्या झोपेचा वाटा किती, आणि ती झोप मिळावी म्हणून जो जागला त्याचा किती?

आपल्याकडे म्हण आहे, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. खरा दमलेला माणूस दगडावरही झोपतो, हा तिचा अर्थ. मऊ गादीचा हट्ट धरणाऱ्याला ती चपराक आहे. पण दुसऱ्याविषयी ती वापरली की ती निर्दय होते. दगडावर झोप लागेलही, मात्र तिची वेळ तर हवी. देहातील घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राला बांधलेले असते. हे घड्याळ पेशींत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा निजणाऱ्याचे शरीर त्याला उठवू पाहत असते आणि रात्री जागणाऱ्याचे त्याला निजवू पाहत असते. फाटकावरच्या खुर्चीत लागलेली ती डुलकी बेपर्वाईची नव्हती. देह आपले थकलेले येणे वसूल करत होता.

चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेलाही शरीराच्या तीन आधारस्तंभांत गणले. पण हा स्तंभ प्रत्येकाला आपल्या बळावर उभारता येत नाही, हे महाराष्ट्राला प्रथम ठामपणे सांगितले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार आपल्या दृष्टीने प्रभूचा वार, असंख्य कष्टकऱ्यांच्या दृष्टीने खंडोबाचा. दोघांनाही तो विसाव्याचा दिवस म्हणून मिळाला तो या लढ्यामुळे. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात मालकांना बजावले की, श्रमाने झिजलेली शक्ती भरून येईल इतकी विश्रांती कामगाराला मिळालीच पाहिजे. आणि २०१२ साली, दिल्लीच्या रामलीला मैदानावर निजलेल्या जमावाला पोलिसांनी मध्यरात्री हुसकावल्याच्या प्रकरणात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने झोप ही माणसाची मूलभूत गरज असून जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले. इतके सारे होऊनही लोखंड्यांचा रविवार आमच्या फाटकापर्यंत पोहोचलेला नाही. आणि त्याला अडवणारे आम्हीच आहोत.

पुढच्या सभेत आम्ही आमचे आधीचे बोलणे मागे घेतले आणि एक ठराव मांडला. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन कराव्यात, आठवड्याची सुट्टी भरपगारी असावी, आणि तास कमी झाले म्हणून कोणाचाही पगार कमी होऊ नये. या शेवटच्या अटीवरच वाद झाला. एक सभासद म्हणाले, "उरलेल्या वेळात तो तिसरी नोकरी धरेल; मग आपण कशाला भुर्दंड सोसायचा?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. पोटापुरते मिळत नसेल तर मिळालेला वेळही माणूस विकतो. पण म्हणूनच पगार कापून दिलेली विश्रांती ही विश्रांती नव्हे, असे आम्ही उत्तर दिले. रखवालीचा खर्च दीडपटीहून काहीसा अधिक होईल. दर घरामागे हिशेब केला, तर महिन्यातून एकदा हॉटेलात जेवायला आपण जे मोजतो त्याहून तो कमी भरला. तरीही निम्मेच हात वर गेले, आणि ठराव पुढील सभेवर ढकलला गेला.

कापलेले पैसे आम्ही त्या रखवालदाराला देऊ केले. त्याने घेतले, आणि पुन्हा खुर्चीत ताठ बसला. आम्ही समोर होतो म्हणून. आपल्या येण्याने एखाद्याला ताठ बसावे लागावे, यात भूषण मानावे असे काही उरलेले नाही, हे आम्हांला त्या क्षणी उमगले.

निजलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपले वाडवडील सांगत. पुढच्या सभेला अजून तीन आठवडे आहेत. तोवर रोज रात्री दहाला आम्ही दिवा मालवतो, आणि खाली फाटकाशी खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू येतो.